डाव्या-उजव्या पंखांची पिसं

आई,

तुम्हा दोघांना जोझेटचा नमस्कार. आम्ही इकडे शहरात बरे आहोत. अँटवानचं गोदीतलं काम टिकलं. पोरीचा खोकला गेला, आणि तू पाठवलेली मेपलची साखरही तिनं फस्त केली.

जावयासाठी बाबांनी केलेले बाण पोचले. जूनबेरीची काडी तशीच सरळ, पिसांवर गुंडाळलेली हरणाची तात तशीच घट्ट, माशाच्या सरसाचा तोच वास. पुडकं उघडलं आणि घरी आल्यासारखं वाटलं.

रविवारी अँटवाननं माळावर बाण सोडला, तर तो हेलकावे खात झुडपात शिरला. अँटवान हसला, "सासऱ्यांचा बाण वाटेत पिऊन आला वाटतं!" मी बाण हातात घेतला. आई, हंसाची दोन पिसं डाव्या पंखाची आणि एक उजव्या पंखाचं. सगळ्याच बाणांना तसंच.

बाबा तर डोळे मिटून, नुसत्या बोटानं पंखाची बाजू ओळखायचे. मला ओरडायचे, "एका बाणाला एकाच बाजूची पिसं लाव गं, नाहीतर बिचारा गोंधळतो, कुठल्या अंगानं फिरावं!"

तू दर पत्रात लिहितेस, 'हे ठणठणीत आहेत.' मग दरवर्षी बाबा ढकलायचे ती तुझी होडी यंदा तळ्यात रानभात झोडताना कोणी ढकलली? ते एकटेच रानात जात नाहीत ना?

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. एवढंच सांग, बाण सरळ गेला.

आणि मला एकदा खरं लिही. ते तुला अजून ओळखतात ना?

तुझीच लेक,
जोझेट