दादाने मागितलेली ओवाळणी

कुंडलच्या मानसिंगदादास, कराडहून राहीचा नमस्कार.

परवा भाऊबीजेला मी तुला ओवाळलं, तर ताटात काही न टाकता तू म्हणालास, "राहे, यंदा ओवाळणी तू मला दे. शिवांजलीची तक्रार मागं घे. त्यो डाक्टर आपल्या क्रांतीचा दीर हाय. पोरगी नांदतीया तिथं." मी तुझं पान वाढायला घेतलं. तू ते 'व्हय' समजून पोटभर जेवून गेलास.

दादा, साखरपुडा मोडल्यावर माझ्या शिवांजलीची झोप उडाली, तेव्हा तूच त्याचं नाव सुचवलंस. मनाचा डॉक्टर, शिवाय घरचा माणूस. मी सोबत गेले की अदबीनं म्हणायचा, "मावशी, तासभर लागेल, तोवर संगमावर दर्शन घेऊन या." मला वाटायचं, किती संस्कारी! मी देवापुढं हात जोडून उभी असायची, आणि इकडं तो तिला जवळ ओढून सांगायचा की हाच उपचार आहे, घरी बोललीस तर वेडी ठरवीन.

तुझी क्रांती माझीही लेक आहे. तिला तिथं त्रास झाला तर माझ्याकडं आण. पण ही ओवाळणी मला देता येणार नाही. उद्या आम्ही मायलेकी साताऱ्याला जबाब द्यायला जातोय.

हे पत्र टपालात टाकणार नाही. वाचलंस की गाडी काढून दारात येशील, आणि तुझ्या तोंडावर नाही म्हणायला मी अजून शिकले नाही.

पुढच्या वर्षी आलास तर पाट मांडीन. नाही आलास तर भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी चंद्राला ओवाळीन.

तुझी धाकटी,
राही