विरळ वस्तीकडे

९ फेब्रुवारी २००१, शुक्रवार. करामा, दुबई

सुट्टी. ऋता दार लावून आत, अभ्यासाला की झोपायला ते देव जाणे. बारावीची बोर्डाची परीक्षा लेकीची आणि छातीत धडधड आईच्या. वि. हॉलमध्ये पुण्याच्या फ्लॅटचा नकाशा पसरून बसलेत. नवरा ड्राफ्ट्समन असला की सुट्टीच्या दिवशीही घरात नकाशेच. बाल्कनी पूर्वेला की उत्तरेला यावर माझं मत विचारलं. म्हटलं, कुठेही असू दे, बसायचं तेवढंच.

मी नववीच्या भूगोलाच्या तासासाठी 'विरळ लोकवस्तीचे प्रदेश' काढत होते. दरवर्षी तेच, सहारा, अंटार्क्टिका, खलास. स्वतःचाच कंटाळा आला म्हणून इंटरनेट लावलं. अलास्काच्या नैर्ऋत्येला एक प्रदेश सापडला. दोन मोठ्या नद्यांचा त्रिभुज प्रदेश, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा, आणि माणसं एवढी थोडी की आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील. बहुतेक युपिक लोक, घरात युपिकच बोलणारे. झाड जवळजवळ नाही, पाणीच पाणी, तळी मोजता येणार नाहीत. बाहेरून आत जाणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या, एरवी छोटं विमान.

पान खाली सरकवलं तर तिथल्या शाळेची जाहिरात. शिक्षक हवेत. भूगोलाचे सुद्धा.

वि. ओरडले, फोन कधी मोकळा होणार? इंटरनेट बंद केलं.

१२ फेब्रु.

वर्गात सांगितलं, तिकडे जमीन आतून गोठलेली असते, म्हणून घरं खांबांवर. मागच्या बाकावरून प्रश्न: मॅम, हॅव यू बीन देअर? नो. अँड सहारा? नो. वर्ग हसला. मीही हसले. पण मनाला लागलं. वीस वर्षं छडी घेऊन नकाशासमोर उभी आहे आणि पाहिलं काय, तर मिरज आणि दुबई.

१५ फेब्रु.

अर्ज टाकला. घरी बोलले नाही. फक्त शहनाजला सांगितलं. ती श्रीवर्धनची, आमच्याकडे बायोलॉजी शिकवते, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसते आणि माझ्या डब्यातलं खाते. तिने पहिलं विचारलं, तिकडे खाणार काय? म्हटलं, मासे. उन्हाळ्यात पकडायचे, वाळवायचे, धुरी द्यायची, वर्षभर खायचे.

"मग झालं की. माझ्या सासरी दुसरं काय करतात? यल्ला, टाक अर्ज. इन्शाल्ला कोणी बोलावणार नाही."

१६ मार्च, शुक्र.

बोलावलं! म्हणजे फोनवर मुलाखत. आता सांगणं भाग होतं. जेवताना सांगितलं.

वि. आधी हसले. मग वरण वाढून घेतलं. मग म्हणाले, तिकडे लागणारं जॅकेट इथे मॉलमध्ये बघितलंय मी, तीनशे दिरहम, म्हणजे पावणेचार हजार रुपये, आणि ते घालून तू इथे लिफ्टपर्यंतसुद्धा पोचणार नाहीस. ऋता म्हणाली, मम्मा, आर यू हॅविंग अ मिडलाइफ थिंग? तिला म्हटलं, तू केमिस्ट्रीचं बघ.

कोणी नाही म्हणालं नाही. मनावरच घेतलं नाही तर नाही कशाला म्हणतील? याचाच राग आला जास्त.

६ एप्रिल, शुक्र.

मुलाखत झाली. इथे सकाळ, तिकडे आदल्या दिवसाची रात्र, बरोब्बर बारा तासांचा फरक. घड्याळ तेच, उजेड उलटा. शाळेचे हेडमास्तर बोलत होते आणि शाळेच्या बोर्डावरच्या एक आजी. आजी युपिकमधून विचारत, दुसरी कुणी बाई इंग्रजी करून सांगे.

फार छान चाललं होतं. मुलांना आधी त्यांच्याच नदीचा नकाशा काढायला लावीन म्हटलं, ते आवडलं. थंडीचं विचारलं. म्हटलं, पन्नास डिग्रीत बावीस उन्हाळे काढलेत, घरात कोंडून घ्यायची सवय आहे. हसले सगळे. शेवटी आजींचा प्रश्न: किती राहणार?

मी म्हटलं, "एक वर्ष तर राहते, मग बघू."

मग हेडमास्तर थँक यू म्हणाले. फोन ठेवला. आजी काहीच बोलल्या नाहीत. काय चुकलं?

९ एप्रिल

मेल आली. हेडमास्तर भला माणूस दिसतो, स्पष्ट लिहिलंय. सगळ्यांना तुम्ही पसंत, पण आजींचं म्हणणं, एक वर्षवाले आता नकोत. दर उन्हाळ्यात शिक्षक येतात, बर्फ वितळला की जातात. मोठी मुलं तर हल्ली नव्या शिक्षकाचं नाव विचारतच नाहीत.

वाचून डोक्याला हात लावला. अहो आजी, एक वर्ष म्हणजे आम्ही जात नाही हो! आम्ही ७९ साली दोन वर्षांसाठी आलो. मग अजून एक. ऋता होईपर्यंत एक, ती शाळेत जाईपर्यंत एक. सोफा घेतला नाही चांगला, कशाला, एक वर्ष तर राहायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा किती राहणार, एकच उत्तर मिळेल, आणि विचारा कधी आलात, तर आमच्याही आधी. खुंटा गाडायची सवयच गेली आमची. तिकडे अख्ख्या प्रदेशात मूठभर माणसं, पण तिथलीच. इथे गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि कोणीच इथलं नाही. नववीच्या पुस्तकात लोकसंख्येचा धडा आहे, त्यात हे नाही.

मेलच्या शेवटी: बोर्ड पुन्हा बसेल. उत्तर बदलायचं असेल तर कळवा.

१३ एप्रिल, शुक्र.

आज वि.शी बोलले. नीट. चहा ठेवला, टीव्ही बंद केला.

मी: पाच वर्षं लिहू का?

ते नकाशाची घडी घालत होते. घडी पूर्ण केली.

"पाच लिहिलंस, तर मी कुठे?"

"तुम्ही या."

"मी तिकडे काय काढू? बर्फाचे प्लॅन?"

मग मी सगळं ओकून टाकलं. की मला त्या फ्लॅटची भीती वाटते. पूर्वेची बाल्कनी, तुळस, संध्याकाळी बागेत बाकावर चार परत आलेले लोक, आमच्या दुबईत असं होतं म्हणणारे. ऋता होस्टेलला गेल्यावर या दोन खोल्यांचीही भीती वाटते. वर्गातल्या चाळीस मुलांना खोटं वाटेल असं काहीतरी मला एकदा खरं बघायचंय. तुमच्याबरोबर बघायला आवडेल. पण तुम्ही नसलात तरी बघायचंय.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, कळत नाही. ते म्हणाले, चहा गार झाला. दोघांचा झाला होता.

१५ एप्रिल

लिहिलं. पाच वर्षं. पाठवून टाकलं आणि दहावीवर तास घ्यायला गेले. खडू मोडला.

४ मे, शुक्र.

नोकरी मिळाली. ऑगस्टला हजर व्हायचं, व्हिसाचं तिकडून बघणार. आजींचा निरोप: पाच ऐकलं, आता मोजत बसणार.

शहनाजने मिठी मारली आणि मग अरबी मावशीसारखी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, सहा महिने बाहेर राहिलीस की इथला व्हिसा आपोआप रद्द, ठाऊक आहे ना? ठाऊक आहे. इथून पाय काढला की काढला.

वि.ना सांगितलं. 'अभिनंदन' म्हणाले. इतकं शुद्ध मराठी कधी बोलत नाहीत.

१८ मे

झोप लागत नाही, दिवसा पाय एका जागी ठरत नाहीत. कपाटं आवरते, परत भरते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. वि. उशिरा येतात, साइटवर काम आहे म्हणतात. असेलही. बोलतात, पण भाजी, बिल, ऋताची अ‍ॅडमिशन. तिकडचा विषय काढला की ऐकून घेतात, डॉक्टर ऐकतात तसं.

एकदा वाटलं, नाही कळवून टाकावं. काय मोठे तीर मारणार आहे मी तिकडे? दुसऱ्या मिनिटाला वाटलं, मग जन्मभर यांच्यावर राग धरीन, आणि यांनी तर जाऊ नको म्हटलंच नाही.

२५ मे, शुक्र.

ऋताचा निकाल चांगला. पेढे म्हणून लड्डूच मिळाले, तेच बिल्डिंगभर वाटले. पुण्याला अ‍ॅडमिशन होईल.

रात्रीची भांडी आवरताना ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं काहीतरी खायला हवंय.

"मम्मा, इफ यू आर देअर, अँड डॅड इज हिअर ऑर इन पुणे, देन व्हेअर डू आय कम होम टु?"

सतरा वर्षांची पोर. इथे जन्मली, इथली नाही. मिरजेला गेली की पाहुणी. मी म्हटलं, मी असेन तिथे ये. म्हणाली, अँड डॅड? तिला जवळ घेतलं, हाताला साबण होता तसाच. वि. दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मग आत गेले.

३१ मे

वि.च्या बॅगेत लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक दिसलं, गोठलेल्या जमिनीवर बांधकाम कसं करतात यावरचं. विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, ऑफिसचं आहे.

८ जून, शुक्र.

हेडमास्तरांची मेल. शेवटचा टप्पा अगदी छोट्या विमानाचा, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं वजन हवंय, अंगावरच्या कपड्यांसकट. मी मोठ्याने वाचलं आणि हसत सुटले. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला न सांगितलेला आकडा आता अलास्काला कळणार.

वि. पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "माझं ऐंशी."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, तुमचं नाही विचारलं त्यांनी.

"येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणालीस ना? लिहून ठेव. आयत्या वेळी पंचाईत नको."

"म्हणजे येताय?"

"मेडिकलला ब्याऐंशी भरलं होतं. ब्याऐंशीच लिही." आणि उठून दूध आणायला खाली गेले. फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या.

पोचवायला येतील? राहायला? आणि पुण्याचं काय? परत आले की विचारीन म्हटलं, पण विचारवलं नाही. विचारलं आणि ते नाही म्हणाले तर.

दोन्ही वजनं लिहिली आहेत, माझंसुद्धा खरं. मेल अजून पाठवली नाही. वि. दोनदा येऊन स्क्रीनवर डोकावून गेले.