टाऊन हॉलची पायरी

अमरावती, २० ऑक्टोबर २०२४

चि. माधवीस अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्या हातानं काय केलं ते आधी सांगतो. टाऊन हॉल, रेल्वे स्टेशन, जवाहर गेट आणि राजकमल चौकातली दुकानांची एक ओळ, सगळ्यांचे छोटे नमुने. सागाच्या कपच्या, कानस, गोंद. कुणाकडं शिकायला गेलो नाही. गेटच्या कमानीचा बाक मनासारखा येईना, म्हणून ती मोडून पुन्हा केली.

ललितराव धारणीला नोकरीत होते ती तीन वर्षं तू नि पोरं माझ्याकडं होता. दर रविवारी मी, खुशी आणि सुगत निघायचो. नियम एकच: पायरीवर बसायचं, तिथलं पाणी प्यायचं, त्याशिवाय इमारत पाहिली असं धरायचं नाही. आबांनी मलाही असंच फिरवलं होतं. म्हणून गेट सोडून प्रत्येक नमुन्याचं छप्पर निघतं. आत नळ, माठ जिथल्या तिथं आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना पाठव. स्टेशन रंगवायचं सुगतसाठी ठेवलं आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा,
किसन

अकोला, २६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास माधवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

यांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. जवाहर गेट ऐकून सुगतनं विचारलं, ते अकोल्यात कुठं आहे. तुझ्यापासून काय लपवू? आठ वर्षांचं पोर, इथं येऊन दीड वर्षात विसरलं. यंदा पाठवणं जमत नाही. त्याचं पोहण्याचं शिबिर आहे आणि ते त्याला सोडायचं नाही.

खुशी मात्र तुझीच भाची. परवा दाखल्यासाठी कचेरीत गेलो, तर शिपायाला म्हणे, काका, पाणी द्या, मले तुमची इमारत पाहाची आहे. तो हसून राहिला होता आणि मी मान खाली घालून उभी. पार बिघडवून ठेवलंस पोरीला.

रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
माधवी

अमरावती, ३ नोव्हेंबर २०२४

चि. माधवीस अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

सुगतचं वाचलं आणि पत्र दोन दिवस कपाटावर ठेवून दिलं. राग नाही. टाऊन हॉलच्या पायरीवर तो माझ्या मांडीवर झोपून जायचा. झोपलेल्याला काय आठवणार? मला आठवतं, त्याचं डोकं घामेजलेलं असायचं आणि मी पाय हलवत नसे.

शिबिर चालू दे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मीच येतो. नमुना एकही आणत नाही. तुमचं गाव पोरांनी मला दाखवावं, सुरुवात कुठून ते सुगतनं ठरवावं. मी मागून चालेन.

पोरांना पापे. तुझ्या शिव्या भेटीत ऐकतो.

तुझा दादा,
किसन

ता. क. काल हॉटेलवाले शेखरभाऊ आले होते. सगळे नमुने त्यांना दर्शनी काचेत ठेवायचे आहेत. छप्परं तेवढी चिकटवून द्या म्हणाले, गिऱ्हाइकांची पोरं उघडत बसतील. मी नाही म्हटलं. ऐंशी हजार देत होते.