आर्डिस लार्सन, जन्म १९५१

३ सप्टेंबर
आले एकदाची. घर चिमुकलं आहे, पांढरं, ओसरीची एक फळी निखळलेली. पण मागे सफरचंदाची दोन झाडं आहेत आणि खाली पडलेल्या सफरचंदांचा सडा. माझा नवरा गॉर्डन असता तर आधी छपराकडे बघून तोंड वाकडं केलं असतं. तो गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलंय. माझा लेक कर्टिस अलास्कात तेलाच्या विहिरीवर असतो. फोनवर म्हणाला, आई, आयोवा सोडून नॉर्थ डाकोटात कुणी आपणहून जातं का. म्हटलं, आयोवात सगळ्यांना माझे विनोद पाठ झालेत, मला नवी गिऱ्हाइकं पाहिजेत. इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपिणीचं काम मिळालंय. पोरांना जास्तीचं वाढणार आणि वर चिडवणार.

६ सप्टेंबर
इथली माणसं म्हणजे नुसतं लोणी. रोज दारात काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. खिमा-बटाट्याचा हॉटडिश झाला, लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, चवड झाली, आज गाजराचा केक. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही. शेजारच्या बर्निसला विचारलं की हे ठेवतं कोण, तर म्हणाली, खा की गं गुमान, चौकशा कसल्या करतेस. आणि मला एकानेही विचारलं नाही की बाई तू कुठली, नवरा कशाने गेला, पोरंबाळं किती. आयोवात दूध आणायला गेलं तरी दुकानात तीन पिढ्या सांगाव्या लागायच्या. इतकी सभ्य माणसं मी बघितली नव्हती. खरं सांगायचं तर थोडा रागच आला. माझ्याकडे सांगण्यासारखं किती पडलंय.

९ सप्टेंबर
पोरांना वाढायचं तर आपल्या नावावर गुन्हा नाही असा काउंटीचा कागद शाळेला लागतो. म्हणून कोर्टात गेले. नोंदी सांभाळणारी कारकून फर्न नावाची आहे, चष्मा साखळीला बांधलेला, चेहरा इस्त्री केलेला. तिने सगळं समजावून सांगितलं. नाव द्यायचं, जन्मसाल द्यायचं, फी भरायची, मग ती शोधते. नवे खटले कॉम्प्युटरवर, जुने फिल्मच्या रिळांवर. पण इथे फक्त याच काउंटीचं मिळतं. तुरुंगाचं आणि बोटांच्या ठशांचं सगळं राज्याकडे, त्याला राजधानीला टपालाने लिहायचं आणि वाट बघत बसायचं.

मी म्हटलं, फर्नबाई, माझे किती खून निघतात ते भराभर सांगा, घरी पाव भाजायला ठेवलाय. ती हसली नाही. रीळ फिरवत राहिली. मग म्हणाली, निघालंय.

आर्डिस लार्सन, जन्म १९५१. साल अठ्ठ्याऐंशी. नवरा इव्हर लार्सन. त्याच्या कॉफीत घुशी मारायचं औषध घातलं. तो वाचला, पाय गेले.

मला हसू आवरेना. लार्सन काय, इथे दगड मारला तर लार्सनलाच लागतो. मी म्हटलं, हो हो, मीच ती, दुसऱ्या नवऱ्याच्या वेळी औषध बदललं. फर्नने मान खाली घालून काहीतरी टाइप केलं आणि खिडकीतून हात घालून माझा हात दाबला. म्हणाली, बोलून टाकलंस ते बरं केलंस, बाई.

१२ सप्टेंबर
शाळेने नको म्हणून कळवलं. फार गोड शब्दांत.

जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, ड्रायव्हिंगचं लायसन सगळं घेऊन परत फर्नकडे गेले. तिने एकेक कागद नीट बघितला. म्हणाली, यावर आर्डिस लार्सन, जन्म १९५१ असं आहे, आणि आम्हीही तेच म्हणतोय. जुन्या खटल्यात तारीख नाही, फक्त साल. नवऱ्याचं नाव वेगळं आहे म्हटलं, तर म्हणाली, तूच नाही का सांगितलंस, दुसरा केला म्हणून. आणि तू स्वतः कबूल झालीस असं मी लिहून बसलेय. ते खोडायचं तर राज्याकडून ठसे जुळत नाहीत असं आलं पाहिजे.

संध्याकाळी बर्निसला झापलं. तू तरी सांग त्यांना, म्हटलं. तिने आधी मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाली, लार्सनचं शेत पार उत्तरेला होतं, ती गावात क्वचित यायची, आणि केस पिकले की आपण सगळ्याच एकसारख्या दिसतो गं. तुझं नाव कळलं तेव्हाच आम्ही समजलो. तुरुंगातून सुटून आलेल्याच्या दारात ताट ठेवायचं आणि काही विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. तुला कुणी काही बोललंय का आजवर?

नाही बोललं कुणी.

१९ सप्टेंबर
शेरिफकडे ठसे द्यायला गेले. डेल नाव त्याचं, माझ्या कर्टिसपेक्षा लहान. मावशी मावशी करतो. माझी बोटं शाईत बुडवून तीन-तीनदा दाबली, कागदावर नुसते काळे ठिपके उठले. म्हणाला, मावशी, बोटांवर रेघा शिल्लक आहेत कुठे, तुम्ही चोऱ्या केल्या तर आमची पंचाईत होईल. आयोवात हॉटेलात जन्मभर भांडी घासली, त्यात गेल्या असतील. तरी पाठवतो म्हणाला. निघताना टोपी काढून म्हणाला, जुन्या निकालाप्रमाणे सुटल्यावरही तुमची थोडी शिक्षा बाकी आहे, ती बाहेर राहून भोगायची आहे, तर उत्तर येईपर्यंत काउंटीची हद्द ओलांडू नका. मला तुम्हाला धरून आणायला आवडणार नाही.

२ ऑक्टोबर
हद्दीपर्यंत गेले होते. गाडीत बॅग टाकली, एवढंच. पाटीजवळ डेलची गाडी मागून आली. रागावला नाही. मी गाडी वळवली, तो घरापर्यंत मागे आला आणि हात हलवून गेला. दारात हॉटडिश होता. खाल्ला. चव लागली नाही.

६ ऑक्टोबर
कर्टिसचा फोन. डेलने त्याला फोन केला होता म्हणे. कर्टिस म्हणाला, आई, उत्तर येऊ दे, तोवर त्यांच्याशी भांडू नकोस, इथलं काम सुटलं की मी येतो. मी म्हटलं, येताना तुझ्या बापाला घेऊन ये साक्षीला. तो हसला नाही. त्याने विचारलं, आई, बाबा नेमके कशाने गेले होते?

खुर्चीत बसल्या बसल्या गेला तुझा बाप. टीव्ही चालू होता. तू आला होतास की मातीला.

हे मी बोलले की नुसतं मनात म्हटलं, आठवत नाही.

१८ ऑक्टोबर
राजधानीचं उत्तर आलं. ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा पाठवा.

फर्नला माझी दया आली असावी. म्हणाली, एक रस्ता आहे. इव्हर लार्सन जिवंत आहे, म्हाताऱ्यांच्या आश्रमात असतो. ज्याचा गुन्हा झाला त्याने शेरिफसमोर सांगितलं की ही ती नव्हे, तर मी नोंद दुरुस्त करीन. मला तिचा मुका घ्यावासा वाटला. स्वतःची बायको ओळखणार नाही असा नवरा कुठे असतो. घर झाडून घेतलं. किती दिवसांनी झाडलं.

२० ऑक्टोबर
चर्च सुटल्यावर आणलं त्याला. बर्निस, फर्न, डेल. उंच माणूस, चाकाच्या खुर्चीत मावत नाही. मी समोर बसले, केस मागे घेतले, म्हटलं, नीट बघा इव्हर. त्याने नीट बघितलं. खूप वेळ. सगळे उभे होते.

म्हणाला, हीच.

फर्न रडली. बर्निस म्हणाली, त्याने तुला माफ केलंय, तो आता इथेच राहायचं म्हणतोय. त्याची पेटी गाडीत होती. आश्रमातली खाट सोडूनच आले होते ते. डेल म्हणाला, दोघांची मर्जी असेल तर मी कोण आड येणार. माझी मर्जी कुणी विचारली नाही. मीही सांगितली नाही.

सगळे पेटी उतरवायला बाहेर गेले तेव्हा तो हळू आवाजात बोलला. तू ती नाहीस, मी काही आंधळा नाही. ती तुरुंगातच मेली, चार वर्षं झाली, मला तिकडून फोन आला होता. मी कुणाला सांगितलं नाही. ती सुटेल म्हणून मी एवढी वर्षं जिवंत राहिलो. आता एवढ्या लोकांनी मला ती शोधून दिली आहे, तर मी कशाला नाही म्हणू.

२३ ऑक्टोबर
बर्निसला सांगितलं, अक्षर न् अक्षर. तिने माझे हात हातात घेतले. म्हणाली, तो एवढं विसरून आला, आणि तू अजून त्याच्याबद्दल असं बोलतेस. शोभतं का गं तुला?

३० ऑक्टोबर
स्वयंपाक तोच करतो. ओट्याशी खुर्ची लावून. सकाळी सायीची लापशी. मला वाढतो आणि बघत बसतो. स्वतः त्यातली घेत नाही, पाव खातो.

नको म्हटलं तर खिडकीतून बर्निसला हाक मारतो — बघ, ही खात नाही म्हणतो. ती येऊन मला भरवते.

५ नोव्हेंबर
ओठांना मुंग्या. बोटांच्या टोकांनाही.
भीती वाटायला हवी. कळतंय मला. वाटत नाही.
डेल आला होता. मावशी, बारीक झालात, म्हणाला. लापशी खात जा.

९ नोव्हेंबर
फर्नकडे गेले — भिंत धरत. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, नोंद बंद झाली बाई, खुद्द त्यानेच ओळखलं. पुन्हा शोधायचं तर नाव दे, जन्मसाल दे.
दिलं.

नोव्हेंबर
पेन धरवत नाही. पाय — गुडघ्याखाली जणू दुसऱ्याचे.
कर्टिसचा फोन — इव्हरने घेतला. बरी आहे म्हणाला. हसत होता दोघांचाही आवाज —

आज
वास येतोय लापशीचा. चाकं ओट्याकडून निघालीत — नाही, दाराशी आलीत.
हाक मारतोय. आर्डिस म्हणतो. गोड मारतो हाक.
ओ द्यायची नाही असं ठरवलं होतं. पण नाव तर माझंच आहे, आणि तोंडातून आपोआप ओ —