दहा लाख एकला भाग जात नाही

३ फेब्रुवारी, सकाळी
आमची छापखाना कामगार संघटना फुटणार म्हणे. बाइंडिंग खात्याला वेगळी चूल हवी आहे. त्यांचा म्होरक्या माझाच मेहुणा. रविवारच्या सभेत मतदान. मी बारा वर्षे अध्यक्ष आहे. एका भाषणात हे बंड मोडून काढीन. पण या वेळी घोषणा नकोत. विज्ञान हवे.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
सापडले. मूळ संख्या! हिला एकाने किंवा तिच्या स्वतःनेच भाग जातो, बाकी कुणाच्या बापाला भागता येत नाही. एकजुटीचे याहून थोर प्रतीक इतिहासात नाही. इतिहास मी वाचलेला आहे.
निवडली: १०,००,००१. दहा लाख कामगार आणि वर एक. तो एक म्हणजे मी, असे सभेत म्हणायचे नाही. कळेलच.
मूळ आहे की नाही हे तेवढे तपासायचे. फॉर्मॅलिटी.

५ फेब्रुवारी
कॅल्क्युलेटर वापरणार नाही. घाम गाळून मिळालेले सत्यच टिकते. दोन आणि पाच बघता बघता गारद. तीन, सात, अकरा, तेरा: चौघांनीही बाकी दोनच ठेवली. यांच्यात काहीतरी संगनमत आहे.

६ फेब्रुवारी
सत्त्याण्णवही हरले. शंभरापाशी थांबलो. बायको म्हणाली, अहो, शंभरानंतर आकडे संपतात का? समजावले की जी लहानांना दाद देत नाही ती मोठ्यांना काय देणार. ती म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणजे झालं. पटले तिला.

७ फेब्रुवारी
पेंटरकडे बॅनर टाकले. त्याने विचारले, सभासद किती? म्हटले, त्रेसष्ट. म्हणाला, मग मधली दोन-तीन शून्यं काढू का साहेब, कापड वाचेल. माणसाला चळवळ कळत नाही.
निश्चय: भाषणात आव्हान द्यायचे नाही. मागच्या वेळी दिले तेव्हा तीन दिवस उपाशी बसावे लागले.

९ फेब्रुवारी, रविवार, सभेनंतर
भाषण अप्रतिम. ओघात आव्हान निघून गेले. म्हटले, ही संख्या कुणीही भागून दाखवावी, याच क्षणी खुर्ची सोडतो आणि बाइंडिंगवाल्यांना मोकळे करतो!
मेहुणा मागच्या बाकावरून म्हणाला, भाऊजी, तुम्ही शंभरालाच थांबलात असं ताई म्हणत होती. एकशे एकने बघा की.
माझ्याच भाषणाच्या पत्रकामागे सगळ्यांनी भागाकार मांडला. ९,९०१. बाकी शून्य. एकूण एक उत्तर सारखे. इतकी एकजूट बारा वर्षांत पाहिली नव्हती. ऊर भरून आला.
मग त्याच एकजुटीने संघटना फुटली. उरलेल्या छपाईवाल्यांनी नवा अध्यक्ष निवडला. बिनविरोध.

११ फेब्रुवारी
खचणार नाही. नवी संघटना काढली. सभासद: मी आणि बायको. (तिला अजून सांगायचे आहे.) दोन ही मूळ संख्या आहे. या वेळी शेवटपर्यंत तपासले. कितीही भागा!

१२ फेब्रुवारी, दुपारी
बायकोला सांगितले. ती चार दिवस भावाकडे गेली. पिशव्या शिवायला बॅनरही घेऊन गेली.
सभासद: एक.
गणिताचे पुस्तक काढून पाहिले. एकाला मूळ संख्यांत धरत नाहीत.