मनगटावरचा पट्टा

४ मार्च

वही, रागावू नकोस. सव्वीस दिवस तुला हात लावला नाही. लावला असता तरी जे उमटलं असतं ते कुणाला वाचता आलं नसतं! सकाळची गोळी लागू झाली की तासभर उजवा हात माझं ऐकतो. त्या तासात दाढी, आंघोळ, शर्टाची बटणं. तुझ्या वाट्याला उरतं काय? कारणं सांगतोय असं वाटेल. सांगतोयच. खरं म्हणजे लिहायला धीर होत नव्हता.

आज सात महिने झाले या कंपवातापायी डोक्याला भोकं पाडून. दोन. कपाळाच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक. आता त्यावर केस आलेत, पण बोट फिरवलं की खळगा लागतो. दिवसातून दहादा फिरवतो. सूनबाई ओरडते.

पाचवी शिकलेल्या माणसाला समजेल असं सांगा म्हटलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं. माझ्याच दंडाची चिमूटभर कातडी घेतली. तिच्यातल्या पेशींना काचेच्या बशीत ठेवून परत कोवळं केलं — पोटातल्या गर्भासारखं. आणि मग त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला शिकवलं. शिकवून तयार झालेल्या पेशी सुईने आत सोडल्या. मला पटकन समजलं नाही, पण एक विचारलं. म्हटलं, "मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. या नव्या पेशींना रंगवता येतं का?" बाई खूप हसल्या.

उंदीर, मग माकडं, मग आम्ही सहा जण. सहांत मी पहिला. म्हणजे रांगेत माकडानंतर मीच!

फरक? फरक नाही. खोटं कशाला लिहू. कंप तसाच. उलट डावा अंगठाही आता सोबतीला येतो.

रुग्णालयातला लिफ्टवाला आज म्हणाला, "काका, उन्हाळ्याच्या आत आकडे चांगले आले नाहीत तर तुमचं हे खातं बंद. वर ठरलंय म्हणे." याला कोण सांगतं कुणास ठाऊक. पण लिफ्टमध्ये सगळे बोलतात आणि तो सगळं ऐकतो. खातं बंद झालं तर आत घातलेलं परत काढतात की काय?

६ मार्च

वाईट दिवस. आमटीचा चमचा भिंतीपर्यंत गेला.

९ मार्च, रविवार

आज जे केलं ते तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

माझ्या मनगटावर एक काळा पट्टा असतो. दिसायला घड्याळ, पण वेळ दाखवत नाही. हात किती हलतो ते मोजतो आणि परस्पर तिकडे रुग्णालयात पाठवतो. ज्या इंजिनियरने तो बनवला त्याला मी मनात पट्टेवाला म्हणतो. टक्कल पडलंय, बोलतो कमी, पण पट्ट्यावर पोटच्या पोरासारखा जीव. शिवाय त्यांची एक निळी वही आहे. तिच्यात रोज खूण करायची — हात चांगला, बरा, वाईट.

आज सकाळपासून हात असा उडत होता की पट्ट्याकडे बघून मला लाज वाटायला लागली. सगळं तिकडे पोचतंय. बाई बघतायत. त्यांची अकरा वर्षं गेलीत या कामात. आणि पहिला गडी मी, तोच नापास!

मागच्या खोलीत मुलगा काम करत होता. तो कवळ्या बनवतो. मेणात दात बसवणं, कोरणं, घासणं, सगळं घरीच. मी पट्टा काढून त्याच्यापुढे धरला.

"जरा हा घाल."

"का? बिघडला?"

"पट्टा ठीक आहे. मीच बिघडलोय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला. "बाबा, परीक्षेला दुसरा बसवताय?"

"दुसरा कुठला? माझंच रक्त."

"आणि कळलं तर?"

"कसं कळणार? हात काय तोंड आहे बोलायला?"

शेवटी घातला. तोही माझ्या किरकिरीला वैतागून, मनापासून नाही. दिवसभर त्याच हाताने काम केलं. दारातून सूनबाई म्हणाली, "उद्या माझ्या हाताला बांधा. दिवसाला किती भांडी घासते ते तरी कळेल तुमच्या डॉक्टरांना!"

निळ्या वहीत "बरा" म्हणून खूण केली. इथे खरं लिहितो — हात वाईट होता, फार वाईट. शेजारी फुली मारून ठेवतो, म्हणजे कुठला दिवस कुणाचा याचा घोटाळा व्हायला नको.

१२ मार्च

कालही. आजही. दोन फुल्या.

१३ मार्च

आज पट्टा माझ्याच हातात. नऊ वाजता कप उचलला, सांडला नाही. साडेनऊला सांडला.

१७ मार्च

चौदा, पंधरा, सोळा — तीन फुल्या. आणि आज डॉक्टरबाईंचा फोन! "काका, आकडे सुधारतायत! एकदम नाही, थोडे थोडे. आम्हाला असेच हवे होते. हात एकदम चांगला झाला असता तर आम्ही घाबरलो असतो." मागून पट्टेवाल्याने फोन घेतला. एरवी दोन शब्दांचा माणूस, पण आज आवाज चिरकला. "थँक्यू आजोबा," म्हणाला. मला! मी काय केलं?

फोन ठेवल्यावर मुलाला सांगितलं. तो मान खाली घालून कोरत राहिला. "आता पुरे करा," एवढंच म्हणाला.

पण खरं सांगू? त्या पाच मिनिटांत मला वाटलं, मी खरंच सुधारतोय. छाती फुगली. बशीत शिकवलेल्या त्या पेशींचं मी मनात कौतुकसुद्धा केलं. माणूस किती मूर्ख असू शकतो! आपणच रंगवलेली पाटी वाचून आत शिरावं आणि आत दुकानच नसावं, तसं.

१८ मार्च

फुली.

२१ मार्च

फुली. मुलगा नको म्हणत होता. मी डोळ्यांत पाणी आणलं. ते खोटं नव्हतं, पण वेळेवर आणलं हेही खरं.

२३ मार्च

फुली. नऊ झाल्या. ही शेवटची, असं ठरवलंय.

२४ मार्च

तपासणीला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ. उजवा हात मांडीखाली दाबून बसलेले. मीही तसाच बसतो, म्हणून लगेच ओळखलं. शाळेत कवायत शिकवायचे. मास्तर म्हणू या. ताठ माणूस, आवाज अजून मैदानावरचा.

"तुम्हीच का ते पहिले?"

"पहिले म्हणजे?"

"लिफ्टवाल्याने सांगितलं. सुधारलेले तुम्हीच म्हणे." माझ्या हाताकडे त्यांनी बघितलं. हात नेमका तेव्हा शांत होता, नुकती गोळी घेतली होती. "कातडी दिली होती, पेशीही तयार होत्या, पण मी तीन महिने नको म्हणत होतो. डोक्याला भोक म्हणजे काय गंमत आहे? बायको रोज रडते. पण मागच्या आठवड्यात बाईंनी आलेख दाखवला. नाव झाकलेलं होतं. पण रेघ अशी खाली येत होती, जिन्यावरून माणूस उतरावा तशी. म्हटलं, याला जमतं तर मला का नाही? सही करून टाकली. तीन एप्रिलला आमची पाळी. तुम्हाला घातल्या त्याच्या दुप्पट पेशी घालणार आहेत."

"दुप्पट?"

"थोड्यांत एवढा फरक, तर दुप्पट घालून बघू म्हणाले." आणि डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमचे उपकार आहेत हो!"

पोट बिघडलं म्हणून सांगितलं आणि तपासणी न करताच घरी आलो. लिफ्टने नाही. सात मजले जिन्याने.

२५ मार्च

जेवण जात नाही.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. चौकातल्या पाटीवर प्रसूतिगृहाकडे जाणारा बाण काढायचा होता. मी उलटा काढला. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई रिक्षातून त्या बाणाने गेली, आणि तिकडे रस्ताच संपतो. वेळेत परत फिरली, सगळं सुखरूप झालं. मालक म्हणाला, चूक होते माणसाकडून. हो, तेव्हा चूक झाली होती. आता मी शिडीवर चढून, समजून उमजून बाण उलटा काढलाय. आणि मास्तर निघालेत त्या बाजूला.

मुलाला बोललो. तो म्हणाला, "सांगून टाका, बाबा."

"तुझंही नाव येईल."

"येऊ दे. चोरी नाही केली. पट्टा घातला."

"मला काढून टाकतील."

"टाकू देत! त्या माणसाचं डोकं उघडायच्या आत सांगा म्हणजे झालं."

सूनबाईने डाळीचं पातेलं आपटून ठेवलं. ती मुलाच्या बाजूने असली की पातेलं आपटते.

२६ मार्च

सांगितलं.

बाई टेबलाच्या पलीकडे. पट्टेवाला खिडकीजवळ त्याच्या पडद्यासमोर. मी उभाच राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा पोट बिघडलं असतं! एका दमात बोललो. बाई पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या.

"किती दिवस?"

"नऊ."

"नक्की कुठले?"

मी पिशवीतून तुला काढलं. बाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

धाबं दणाणलं! आत काय काय आहे ते मलाच माहीत. मागच्या पानांवर बाईंच्या हसण्याबद्दल आहे, सूनबाईच्या आमटीबद्दल आहे. म्हटलं, "खाजगी आहे. मी वाचतो, तुम्ही लिहा."

वाचत गेलो. तारीख, हात कसा होता, फुली आहे की नाही. चमचा भिंतीवर गेला तेही वाचलं. वाचता वाचता तोंडातून निघून गेलं — पट्टेवाला! खिडकीजवळून थंड आवाज आला, "पुढे."

संपल्यावर बाई म्हणाल्या, "काका, आम्ही रागावलोय असं वाटतंय ना तुम्हाला?"

"हो."

"रागावलोच आहे. नुसते ते नऊ दिवस खोटे ठरले असते तर वेगळं. पण आता तुमच्या खऱ्या दिवसांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही कप न सांडता उचललात म्हणता. ते मला आता कुणाला दाखवता येणार नाही. आणि कदाचित तेच खरं होतं."

हे मला सुचलंच नव्हतं. मी नापासाचा पास करायला गेलो, आणि चार-सहा मार्क खरे पडले असतील तर तेही घालवून बसलो.

"मास्तरांचं?" मी विचारलं.

त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. तीन तारखेचं पुढे ढकला म्हणाल्या. कारण विचारलं असावं, तर "आमच्याकडून," एवढंच. माझं नाव घेतलं नाही. जिवात जीव आला आणि मान खाली गेली, दोन्ही एकदम.

"मग आता माझ्या पेशी काढणार?"

तेव्हा मात्र बाई दमल्यासारखं हसल्या. "त्या काढता येत नाहीत, काका. तुमच्या होत्या, तुमच्याच आहेत. आणखी पाच वर्षं आम्ही तुम्हाला बघत राहणार. फक्त आता पट्टा तुमच्याच हातात."

निघालो तेव्हा पट्टेवाला पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "त्या नऊ दिवशी पट्टा कुणी घातला होता?"

"मुलाने."

"नऊही दिवस? सून नाही, शेजारी नाही?"

"नाही. मुलानेच."

"वय?"

"एक्केचाळीस."

"बरं," म्हणाला.

मुलाला काही दंडबिंड लावतात की काय, याचीच काळजी करत घरी आलो.

२९ मार्च

पट्टेवाला आणि बाई, दोघं घरी आले. चहा नको म्हणाले. मुलासमोर बसून पट्टेवाल्याने हळू सांगितलं, "निरोगी माणसाच्या हातात पट्टा असता तर रेघ सरळ आली असती आणि पहिल्याच दिवशी मला संशय आला असता. ती सरळ नव्हती. बारीक कंप होता, डोळ्यांना न दिसणारा, पण नऊही दिवस, आजोबांच्या कंपाच्याच वेगाचा. म्हणून तर आम्हाला वाटलं, आजोबा सुधारतायत." कदाचित काहीच नसेल, असंही म्हणाला. दोनदा म्हणाला.

मुलाच्या हातात मेणाचा दात होता. हात मला तरी स्थिर दिसला. आता त्याला त्याचा स्वतःचा पट्टा दिलाय, दहा दिवसांसाठी.

बाई, ही वही तुमच्याकडे पाठवतोय, सगळी, हसण्याचं पानसुद्धा. लिहिला तो प्रत्येक दिवस त्यात खरा आहे, उपयोगी पडला तर बघा. माझं काय ते सावकाश कळवलंत तरी चालेल. याचं मात्र लवकर कळवा.