बाहेरून लाइन टाकण्याचा खर्च

प्रिय धाकट्या,

या पत्राला तिकीट लागणार नाही. एक जिना उतरून तुझ्या दाराखालून सरकवलं की पोहोचलं. तरी लिहायलाच बसले, कारण समोरासमोर आलो तर पहिल्याच वाक्याला माझा आवाज चढेल आणि तू नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत बसशील. कागदावरचा आवाज तुला हवा तेवढा बारीक करून वाचता येईल.

आमच्याकडे सोमवारपासून पाणी बंद आहे, ते तुला कळलं असणारच. तुझे भावोजी शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडून बादल्या भरून आणतात आणि त्या हिंदकळत तुझ्या दारासमोरूनच वर येतात. ओला जिना मी पुसते. मला एका जागी बसवत नाहीये. उठते, ओट्यापाशी जाते, नळ उघडते. तो घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरतो आणि गप्प होतो. परत येऊन दोन ओळी लिहिते, पुन्हा उठते. पाणी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण हाताला अजून पटलेलं नाही. भावोजी म्हणाले, ‘सभेत माईक बंद पडला तरी तू थांबत नाहीस, इथे तर नुसता नळ बंद पडलाय.’ त्यांना हसू सुचतंय. उद्या सकाळी प्लंबरला हो की नाही ते सांगायचंय, आणि ते मला सांगायचंय.

काम मुळात एवढंसं होतं. ओट्याखालचा पाइप पाझरत होता, तेवढा तुकडा बदलायचा. आकडा मी त्याच्याकडून लिहून घेतला होता, खाली सही. मला तू ओळखतोस. काल त्याने ओट्यामागची फरशी काढली, आत बोट घालून बघितलं, दोनदा ‘अरारारा’ केलं आणि थोड्या वेळाने नवीन अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवलं. आकडा दुपटीच्या वर! माणूस मोठा बोलघेवडा आहे. खिशातला फोन वाजत असतो, हा कापतो आणि म्हणतो, ‘बघा ताई, किती लोक माझ्यासाठी अडलेत.’ म्हटलं, अडलेल्यांना नाडायचं हाच तुमचा धंदा दिसतोय. त्याला राग आला नाही, उलट हसला. मग मात्र मी पदर खोचला. तपासणीचे वेगळे पैसे? न तपासता आधीचा आकडा काय स्वप्नात पाहून लिहिलात? किरकोळ साहित्य म्हणजे काय, नावं सांगा. मलबा उचलण्याचे पैसे? माझ्या घराची फरशी तुम्ही फोडलीत, ती उचलण्याचेही पैसे मीच द्यायचे? दिलेल्या शब्दाला किंमत नसेल तर सही कशाला करता, यावर मी इतकी बोलले की शिवणवाल्या बाई मशीन थांबवून खिडकीत आल्या. तो एकेक ओळ खोडत गेला. शेवटी म्हणाला, ‘ताई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा, पण मला दुसऱ्या कामाला जाऊ द्या.’

मी जिंकत होते, धाकट्या. खरं सांगते, मजा येत होती. उरली एकच ओळ, सगळ्यात मोठी. ‘लाइन बाहेरून टाकणे.’ मी विचारलं, हे काय प्रकरण? पाइप भिंतीतून वर येतो, तो भिंतीतूनच बदला. त्यावर त्याने पेन खिशात ठेवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. ‘पाइप कुजलाय तो तुमच्या ओट्याखाली नाही, खाली तुमच्या भावाच्या स्वयंपाकघरात, भिंतीच्या आत. ती भिंत फोडू दिली तर ही ओळ आत्ता खोडतो. पण तुमच्या शेजारणीने सांगितलं की तुम्ही दोघं बोलत नाही. मग मला फाटकापासून नवी लाइन घ्यावी लागेल, घराला वळसा घालून मागच्या भिंतीवरून वर. मचाण बांधायचं, दोन माणसं जास्त लागायची. हे पैसे माझ्या कामाचे नाहीत ताई, तुमच्या अबोल्याचे आहेत.’

एवढ्या सभा केल्या, एवढी पुस्तकं वाचली, समोरून येणारा प्रश्न हवेत झेलून परत फेकायची सवय. आणि तोंडातून निघालं काय, तर ‘चहा घेणार का?’ भांड्यात पाणी नव्हतं.

वाटणीच्या दिवशी आपण काय काय वाटलं होतं, आठव. गच्ची माझी, अंगण तुझं. विजेचे मीटर वेगळे केले, दारावरच्या घंटा वेगळ्या केल्या. आईची मोठी पातेली एक तुला, एक मला, आणि तिसऱ्यावरून एवढं पेटलं की शेवटी ते भंगारात गेलं. जेवणाच्या टेबलावर बसून एका दुपारीत सगळं घर दोन रंगांच्या पेन्सिलींनी रंगवलं. दोन शहाणी, शिकलेली माणसं! पाणी वर कुठून येतं हा प्रश्न एकालाही पडला नाही. दिसणारं सगळं वाटलं आणि भिंतीच्या आतलं तसंच राहिलं.

पण माझी झोप उडाली ती प्लंबरच्या आणखी एका वाक्याने. जाता जाता म्हणाला, ‘खाली बघून आलो मी. भावाने ओल आलेल्या भिंतीशी परात लावलीय, महिना झाला म्हणे. मी म्हटलं वर सांगायचं नाही का, तर म्हणाले, राहू दे.’ राहू दे? माझं पाणी तुझ्या भिंतीतून झिरपतंय, तुझ्या बायकोचे डबे बुरशीने काळे पडत असतील, आणि तू रोज परात रिकामी करतोस! अरे, वर यायचं होतंस. दार बडवायचं होतंस. वकिलाची नोटीस पाठवली असतीस तरी मी समजून घेतलं असतं, उलट चार पानी उत्तर दिलं असतं. घर विकायचा विषय निघाला तेव्हा आपण सगळ्या नातेवाइकांसमोर भांडलो, तू मला हट्टी म्हणालास, मी तुला काय म्हणाले ते पुन्हा लिहीत नाही. ते मला चाललं. भांडणात समोरचा माणूस असतो तरी. या परातीचं मी काय करू? तू माझ्यावर रागावलेला नाहीस की मी तुझ्या हिशेबातूनच गेले आहे, हे त्या ‘राहू दे’वरून मला कळत नाही, आणि कळत नाही तोवर मी या खोलीत येरझाऱ्या घालतेय.

म्हणून हे लिहिते आहे. पैशाचं सोड, मचाणाचे पैसे मी देऊ शकते. पण बाहेरून लाइन गेली की या घरात तुझ्यामाझ्यात सामाईक असं काहीही उरणार नाही. हा एक कुजका पाइप राहिलाय, आणि तोही मी पदरचे पैसे मोजून तोडायला निघाले होते. मला तो तोडायचा नाही. मला तुझी भिंत फोडू दे. फरशा फुटतील, घरभर धूळ होईल, तुम्हा दोघांना दोन दिवस वर जेवावं लागेल. पाणी तुमचं, स्वयंपाक आमचा. घर विकू नये हे माझं मत आजही तेच आहे, तुझंही बदललेलं नसणार, त्यावर जेवताना भांडू. हो म्हणायचं असेल तर सकाळी प्लंबरला दार उघड. नाही म्हणायचं असेल तर त्याच्याकडे निरोप देऊ नकोस, चिठ्ठीही पाठवू नकोस. वर ये आणि माझ्या तोंडावर सांग.

तुझीच, अजूनही तुझीच,
ताई